विधी महाविद्यालयाची संशोधनपत्रिका: संपादनाचे निकष आणि प्रकाशनाची नीती

कायद्याच्या संशोधनपत्रिकेचा वाचक छापलेल्या लेखावर विसंबून पुढे काही ना काही करणार असतो. वकील त्यातला संदर्भ युक्तिवादात घेतो, विद्यार्थी प्रबंधात उतरवतो, प्राध्यापक वर्गात सांगतो आणि क्वचित न्यायालयही आपल्या निकालपत्रात अशा लेखाची दखल घेते. त्यामुळे तळटीपेतली एखादी चूक त्या लेखापुरती राहत नाही. ती एका लेखातून दुसऱ्या लेखात जाते आणि काही वर्षांनी तिचे मूळ शोधणेही अवघड होते. महाराष्ट्रातील अनेक विधी महाविद्यालये आणि विद्यापीठांचे विधी विभाग आता स्वतःची पत्रिका काढतात. तिचे काम पाहणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी-संपादक यांच्यासाठी हे विवेचन आहे. कायद्याच्या पत्रिकेची नीती सर्वांत आधी तिच्या तळटीपांत दिसते, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच पुढे सर्वाधिक जागा तळटीपांच्या तपासणीला दिली आहे.

अंक काढण्याआधी

पहिल्या अंकासाठी लेख मागवण्यापूर्वी पत्रिकेचे धोरण लिहून काढावे आणि ते सर्वांना वाचता येईल अशा रीतीने जाहीर करावे. पत्रिकेची व्याप्ती काय, वर्षाला किती अंक निघणार, लेखाचे परीक्षण कोणत्या पद्धतीने होणार, शुल्क घेतले जाणार की नाही, लेखावरचा कॉपीराइट कोणाकडे राहणार, तक्रार कोणाकडे करायची आणि छापलेला लेख दुरुस्त करण्याची किंवा मागे घेण्याची वेळ आली तर काय केले जाईल, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यात असले पाहिजे. ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था, जिला सगळे ‘कोप’ म्हणतात, या विषयावर तपशीलवार मार्गदर्शन उपलब्ध करून देते. वाङ्मयचौर्याची शंका आली किंवा लेखकत्वावरून वाद झाला तर संपादकाने क्रमाने कोणती पावले उचलावीत, याचे तक्तेही तिने तयार केले आहेत. ते जरूर वापरावेत. मात्र दुसऱ्या पत्रिकेचे नीतिधोरण शब्दशः उतरवून आपल्या नावाने छापू नये. तसे करणाऱ्या पत्रिका आहेत, आणि त्यांचे संपादक लेखकांकडून मौलिकतेची हमी कोणत्या अधिकाराने मागतात, हे मला समजत नाही.

आयएसएसएन क्रमांक दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी तो वेगवेगळा घ्यावा लागतो. हा आठ अंकी क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख सांगतो, त्याच्या दर्जाबद्दल काहीही सांगत नाही, त्यामुळे ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात करणे दिशाभूल करणारे आहे. दर्जाच्या यादीचा आधारही आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या तेव्हाच्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर २०१९ मध्ये आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचे जाहीर केले आणि पत्रिका पारखण्यासाठी काही सूचक निकष देऊन निवडीची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. आता पत्रिकेला आपली विश्वासार्हता आपल्या कामातूनच दाखवावी लागेल.

संपादक मंडळात ज्यांची नावे छापायची, त्यांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घ्यावे. निवृत्त न्यायमूर्तींची आणि ज्येष्ठ वकिलांची नावे केवळ शोभेसाठी पहिल्या पानावर छापण्याची प्रथा सोडून दिली पाहिजे. यापेक्षा नाजूक प्रश्न विद्यार्थी-संपादकांचा आहे. अमेरिकेत १८८७ साली सुरू झालेल्या हार्वर्ड लॉ रिव्ह्यूपासून विद्यार्थ्यांनी पत्रिका चालवण्याची परंपरा आहे, आणि आपल्याकडेही अनेक महाविद्यालयांत तळटीप तपासणीचा भार विद्यार्थीच उचलतात. परंतु ज्या विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण एखाद्या प्राध्यापकाच्या हातात आहेत, त्याने त्याच प्राध्यापकाच्या लेखावर मोकळेपणाने शेरा मारावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. म्हणून आपल्याच संस्थेतील शिक्षकांचे लेख संस्थेबाहेरच्या संपादकाकडे सोपवावेत, आणि प्राचार्यांचा लेख असेल तर तो स्वीकारण्याचा निर्णयही बाहेरच्या संपादकाने लेखी द्यावा, असा नियम धोरणातच घालावा. हा नियम आधीपासून लिहिलेला असला म्हणजे ऐनवेळी कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

लेख हाती आल्यावर

लेख आल्याची पोच द्यावी, त्याला क्रमांक द्यावा आणि लेखकाकडून एक घोषणापत्र घ्यावे. लेख पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेला नाही आणि सध्या दुसऱ्या पत्रिकेच्या विचाराधीन नाही, हे त्यात लेखकाने सांगावे. अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित पत्रिकांकडे एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवण्याची रीत आहे. तेथील सल्ला वाचून आपले तरुण लेखकही तसे करतात आणि त्यात गैर काही आहे हे त्यांना ठाऊकही नसते. आपल्याकडे परीक्षण करणारे बहुतेक जण विनामोबदला काम करतात. एकाच लेखावर तीन पत्रिकांच्या सहा परीक्षकांनी एकाच वेळी श्रम करावेत आणि लेखकाने शेवटी दोघांना नकार कळवावा, हा त्या श्रमांचा अपमान आहे. त्यामुळे पत्रिकेची अपेक्षा काय आहे, ते लेख मागवतानाच स्पष्ट शब्दांत सांगावे.

यानंतर साम्य-तपासणी येते, म्हणजे लेखातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो, हे संगणकाच्या मदतीने पाहणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक विनियमांनी साम्याचे चार स्तर ठरवले आहेत: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, १० ते ४० टक्के पहिला स्तर, ४० ते ६० टक्के दुसरा आणि त्यापुढे तिसरा. या मोजणीतून योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची आणि कायद्यांचा मजकूर वगळायचा असतो, तसेच सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळणारे शब्दही धरायचे नसतात. संगणकाने दिलेला आकडा हा निवाडा नसतो, ही गोष्ट कायद्याच्या पत्रिकेत फार महत्त्वाची आहे. एखाद्या लेखात अधिनियमाची चार कलमे आणि निकालपत्राचे दोन परिच्छेद अवतरणचिन्हांत दिलेले असतील तर साम्य ३५ टक्केही दिसेल, आणि तरीही तो लेख पूर्णपणे प्रामाणिक असू शकेल. उलट एखाद्या अप्रकाशित एलएल.एम. (कायद्याच्या पदव्युत्तर) प्रबंधातला मुद्दा, त्याची मांडणी आणि निवाड्यांचा क्रम उचलून स्वतःच्या शब्दांत लिहिलेला लेख ४ टक्के साम्य दाखवून सहज निसटतो. अहवालातील प्रत्येक रंगीत ओळ माणसाने वाचली पाहिजे आणि ती कशामुळे जुळली, याची नोंद करून ठेवली पाहिजे.

मराठी लेख छापणाऱ्या पत्रिकेने आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो स्वतःचा म्हणून पाठवला, तर साम्य-तपासणीत बहुधा काहीच सापडत नाही. असा लेख ओळखण्याचा मार्ग वाचनाचाच आहे. वाक्यांची ठेवण अचानक परकी वाटू लागते, भारतीय विषयावरच्या लेखात परदेशी उदाहरणे अकारण भरलेली दिसतात, किंवा मराठी लेखाच्या तळटीपांत एकही मराठी साधन नसते. शंका आली तर लेखातील मुख्य विधान इंग्रजीत मांडून शोध घ्यावा आणि लेखकाने वापरलेल्या संदर्भांपैकी दोन-तीन मूळ लेख उघडून त्यांची रचना ताडून पाहावी. अनुवाद करणे हा गुन्हा नाही. मूळ लेखकाची परवानगी आणि त्याचे नाव असेल तर कायद्याचे चांगले लेखन मराठीत येण्याची नितांत गरज आहे, आणि तशा अनुवादांसाठी पत्रिकेत वेगळे सदर ठेवणे उचित ठरेल.

परीक्षण

दोन्ही बाजूंची नावे एकमेकांपासून झाकून परीक्षण करणे, ज्याला डबल ब्लाइंड पीअर रिव्ह्यू म्हणतात, हीच पद्धत मी सुचवेन. ती पाळायची असेल तर लेखाच्या पहिल्या पानावरचे नाव खोडणे पुरेसे नाही. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव असते, ऋणनिर्देशात मार्गदर्शकाचे नाव असते आणि ‘यापूर्वीच्या माझ्या लेखात मी दाखवले आहे की’ अशा वाक्यातूनही ओळख पटते. पाठवण्याआधी हे सर्व काढून टाकण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. परीक्षकाला एक छापील नमुना द्यावा, पण त्यात केवळ गुण देण्याचे रकाने नसावेत. लेखाचे मध्यवर्ती म्हणणे परीक्षकाने स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहावे, अशी पहिलीच अट ठेवली तर लेख खरोखर वाचला गेला की नाही ते लगेच कळते. परीक्षणासाठी आलेला अप्रकाशित लेख कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकून अभिप्राय तयार करून घेणे हा गोपनीयतेचा भंग आहे, हेही त्या नमुन्यात स्पष्ट लिहावे.

तळटीप तपासणी

आता मुख्य कामाकडे येतो. प्रत्येक तळटीप मूळ साधन उघडून तपासली गेली पाहिजे. एखादा लेख ८० तळटीपांचा असेल तर ८० वेळा मूळ साधन उघडावे लागेल, आणि तेवढे मनुष्यबळ नसेल तर अंकात लेख कमी घ्यावेत. प्रत्येक तळटीपेसमोर तपासणाऱ्याची आद्याक्षरे, मूळ साधन कोठे पाहिले आणि विधानाला त्याचा आधार आहे की नाही, अशा तीन गोष्टी तक्त्यात नोंदवाव्यात. पूर्वी महागड्या निवाडा-संग्रहांची वर्गणी नसल्याची सबब असे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-एससीआर हा आपल्या निवाड्यांचा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला केला, त्यामुळे त्या न्यायालयाच्या निवाड्यांपुरती ती सबब संपली आहे. त्याच वर्षापासून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे तटस्थ संदर्भक्रमांकही, म्हणजे कोणत्याही खासगी संग्रहावर अवलंबून नसलेले क्रमांक, देण्यास सुरुवात केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रांनाही असे क्रमांक असतात. खासगी संग्रहाच्या खंड-पृष्ठाबरोबर हा क्रमांक देणे सक्तीचे करावे, म्हणजे कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात बसलेला वकील ते निकालपत्र शोधू शकेल.

तपासणारा विद्यार्थी नवखा असेल तर त्याला पुढील उदाहरण द्यावे. तिहेरी तलाकविषयीच्या शायरा बानो खटल्याचा निकाल २२ ऑगस्ट २०१७ रोजी लागला. निकालपत्र उघडले की सर्वांत आधी तत्कालीन सरन्यायाधीश न्या. खेहर यांचे प्रदीर्घ मत येते, ज्याच्याशी न्या. नझीर सहमत होते. पहिले आहे, सरन्यायाधीशांचे आहे आणि लांबही आहे, म्हणून अनेक लेखक त्यातले परिच्छेद ‘सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले’ अशा शब्दांत उद्धृत करतात. प्रत्यक्षात ते अल्पमत आहे. बहुमत न्या. कुरियन जोसेफ यांच्या आणि न्या. नरिमन व न्या. लळित यांच्या मतांत आहे, आणि त्या दोन मतांची कारणेही एकसारखी नाहीत. येथे तळटीपेतला खंड, पृष्ठ, वर्ष सगळे अचूक असते, अवतरणही शब्दशः बरोबर असते, आणि तरीही विधान चुकीचे असते. संविधानाच्या मूलभूत चौकटीविषयीच्या केशवानंद भारती खटल्यात तर १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय देताना अकरा स्वतंत्र मते लिहिली होती. त्या निकालपत्रातील कोणत्याही वाक्यासमोर ते कोणत्या न्यायमूर्तींचे आहे हे लिहिल्याशिवाय ते छापू नये.

याच जातीची आणखी एक चूक फार वेळा आढळते. निकालपत्रात न्यायालय दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आधी नोंदवते आणि मग आपला निष्कर्ष देते. लेखक शोधयंत्रातून थेट एखाद्या परिच्छेदावर पोहोचतो, त्याला हवे ते वाक्य तेथे दिसते आणि तो ते न्यायालयाचे म्हणून उचलतो, जेव्हा ते वाक्य पराभूत पक्षाच्या वकिलाचे असते. यावर उपाय एवढाच आहे की तपासणाऱ्याने उद्धृत परिच्छेदाच्या आधीची आणि नंतरची किमान दोन पाने वाचावीत. खासगी संग्रहात निकालाच्या आधी छापलेला सारांश, म्हणजे शीर्षटीप, वाचून तिलाच निकाल समजण्याची सवयही येथेच मोडावी, कारण शीर्षटीप संपादकाने लिहिलेली असते.

निवाडा अजून प्रमाण आहे का, हा पुढचा प्रश्न. आणीबाणीतील एडीएम जबलपूर खटल्याचा १९७६ चा निकाल २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात स्पष्टपणे मोडीत काढला गेला, आणि समलिंगी संबंधांविषयीच्या सुरेशकुमार कौशल खटल्यातील २०१३ चा निकाल २०१८ मध्ये नवतेजसिंग जोहर खटल्यात. इतके गाजलेले निवाडे सहसा कोणी चुकवत नाही; अडचण येते ती कमी परिचित निवाड्यांची, ज्यांच्याविरुद्ध अपील होऊन ते फिरवले गेले आणि लेखकाने नंतरचा इतिहास पाहिलाच नाही. कायदा बदलल्यावर हा धोका कसा वाढतो, ते १ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाल्यापासून रोज दिसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे आहे, आणि अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आहेत. लेखात नुसते ‘कलम ४८२ अन्वये उच्च न्यायालयाने’ असे आले तर वाचकाने काय समजावे? त्यामुळे प्रत्येक कलमाबरोबर अधिनियमाचे नाव पुन्हा लिहावे, मग वाक्य कितीही जड झाले तरी चालेल. घटना जुन्या कायद्याच्या काळातली असेल तर जुने कलम ठेवून नवे कलम तळटीपेत द्यावे.

मराठीत लिहिताना अवतरण कोणत्या पाठातून घेतले, हेही सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालपत्रांचे मराठी अनुवाद आता उपलब्ध आहेत, परंतु सर्व अधिकृत कामांसाठी इंग्रजी पाठच प्रमाण राहील, अशी नोंद त्यांवर केलेली असते. म्हणून अनुवाद न्यायालयाने उपलब्ध करून दिलेला आहे की लेखकाने स्वतः केला आहे, ते प्रत्येक ठिकाणी नमूद करावे, आणि ज्या वाक्यावर लेखाचा युक्तिवाद उभा आहे त्याचा मूळ इंग्रजी पाठ तळटीपेत द्यावा. परिभाषेसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवावा. एकाच लेखात एका संकल्पनेला तीन वेगवेगळे प्रतिशब्द आले तर वाचकाला त्या तीन वेगळ्या संकल्पना वाटतात.

अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा धोका अगदी अलीकडचा आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने माटा विरुद्ध एव्हियांका खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड ठोठावला. असे खोटे संदर्भ अतिशय खरे वाटतात: पक्षकारांची नावे भारतीय असतात, खंड आणि पृष्ठ यांची ठेवण अचूक असते, आणि त्या पानावर प्रत्यक्षात भलताच निवाडा निघतो. मूळ साधन उघडण्याच्या नियमाला अपवाद न करणे हाच यावरचा उपाय आहे. एक जरी बनावट निवाडा सापडला तरी तपासणी तेथेच थांबवून लेख परत करावा आणि लेखकाकडे लेखी खुलासा मागावा. तो एक संदर्भ गाळून बाकीचा लेख छापणे योग्य नाही, कारण लेखकाने साधने वाचलेली नाहीत हे तोवर उघड झालेले असते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन लेखक म्हणून नोंदवता येत नाही, अशी कोपची २०२३ पासूनची भूमिका आहे, कारण मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. भाषा सुधारण्यासाठी ते वापरले असेल तर लेखकाने तसे जाहीर करावे.

हितसंबंध

विज्ञानाच्या पत्रिकेत हितसंबंध म्हटले की औषध कंपनीचा निधी डोळ्यांसमोर येतो. कायद्याच्या पत्रिकेत तो प्रश्न बहुधा वकीलपत्राचा असतो. ज्या निकालावर टिपण लिहिले आहे, त्याच खटल्यात लेखक एका पक्षाचा वकील होता. किंवा तोच कायद्याचा प्रश्न उपस्थित करणारे दुसरे प्रकरण त्याच्याकडे चालू आहे. किंवा ज्या नियामक संस्थेच्या निर्णयाचे तो समर्थन करतो, तिच्या वकील-यादीवर त्याचे नाव आहे. अशा लेखकाचे लेखन नाकारण्याचे कारण नाही, उलट खटल्याची आतली माहिती त्यालाच सर्वांत चांगली असते. पण लेखाच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाखाली, हे वाचकाला सांगितले गेले पाहिजे. प्रलंबित प्रकरणात पुढे आधार म्हणून दाखवता यावा यासाठीच लिहिलेला लेख पत्रिकेने छापला आणि लेखकाची भूमिका दडवली, तर पत्रिकाही त्या पक्षाच्या बाजूने उभी राहिल्यासारखे होते. लेख पाठवताना भरायच्या घोषणापत्रात ‘या लेखात चर्चिलेल्या कोणत्याही प्रकरणाशी आपला व्यावसायिक संबंध आहे किंवा होता का’ असा थेट प्रश्न ठेवावा, कारण मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते.

पीडितांची ओळख आणि न्यायालयावरील टीका

भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ बलात्काराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करते, लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो अधिनियमाचे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ बालकांना तेच संरक्षण देतात, आणि निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हे संरक्षण मृत पीडितेलाही आहे असे स्पष्ट केले. गाव, शाळा, नातेवाइकांची नावे अशा तपशिलांतूनही ओळख उघड होऊ नये. जुन्या निकालपत्रांत ही नावे सर्रास आढळतात आणि अभ्यासकही सवयीने ती पुन्हा लिहितात.

महाराष्ट्रातील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात १९७२ साली पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, त्यावरचा खटला आजही अनेक लेखांत तिच्याच नावाने ओळखला जातो. त्याचे अधिकृत शीर्षक तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य असे आहे आणि पत्रिकेने तेच वापरावे. आरोपी पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालावर १९७९ मध्ये दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार व पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती झाली. पीडितेची ओळख झाकणारे जुन्या दंड संहितेतील कलम २२८-अ याच दुरुस्तीने आले.

ते पत्र संपादकांनी आणखी एका कारणासाठी मुद्दाम वाचावे. टीका अत्यंत कठोर आहे, पण ती निकालातील तर्कावर आणि पुराव्याच्या मूल्यमापनावर आहे. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ चे कलम ५ अंतिमतः निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरील उचित टीकेला संरक्षण देते. त्यामुळे निकालावर टीका आहे एवढ्याच भीतीने लेख परत करणे हे पत्रिकेच्या कर्तव्यापासून पळणे आहे. संपादकाने पाहायचे ते एवढेच की टीका निकालावर आहे की न्यायमूर्तींच्या हेतूवर. हेतूवर असेल तर त्याला पुरावा मागावा आणि तो नसेल तर वाक्य काढायला लावावे. प्रकरण अपिलात प्रलंबित असेल तर तसे लेखात स्पष्ट नमूद करावे.

लेखकत्व, कॉपीराइट आणि शुल्क

लेखाची कल्पना, संशोधन किंवा लेखन यांत भरीव वाटा असणाऱ्याचेच नाव लेखक म्हणून यावे. मार्गदर्शक आहेत म्हणून विद्यार्थ्याच्या लेखावर प्राध्यापकांचे नाव घालणे आपल्याकडे इतके रुळले आहे की त्यात काही चुकते असे कोणालाच वाटत नाही. पत्रिकेने प्रत्येक लेखकाच्या वाट्याचे एका वाक्यात वर्णन मागितले तर ही प्रथा हळूहळू आटोक्यात येईल. कॉपीराइटचा करार लेखी आणि स्वाक्षरीचा असावा. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते धरले जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते, ही बाब कायद्याच्या पत्रिकेनेच विसरणे शोभत नाही. माझ्या मते पूर्ण हक्क घेण्याऐवजी लेखकाकडून प्रकाशनाचा परवाना घेणे अधिक न्याय्य आहे. न्यायालयांच्या निकालपत्रांचा मूळ मजकूर कोणालाही उद्धृत करता येतो, पण खासगी संग्रहाच्या संपादकांनी घातलेल्या शीर्षटीपा उचलता येत नाहीत, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या निकालाने स्पष्ट झालेले आहे.

शुल्क घ्यायचे असेल तर ते किती आणि कशासाठी हे आधी जाहीर करावे आणि स्वीकृतीच्या निर्णयाशी त्याचा काडीमात्र संबंध ठेवू नये. तीन दिवसांत स्वीकृती आणि प्रत्येक सहलेखकामागे वेगळे पैसे घेऊन प्रमाणपत्र, असा व्यवहार करणाऱ्या पत्रिकेला संशोधनपत्रिका म्हणता येणार नाही.

छापल्यानंतर

छापलेल्या लेखातली चूक कळल्यावर ऑनलाइन फाइल गुपचूप बदलू नये. किरकोळ चूक असेल तर तारखेसह शुद्धिपत्र छापावे आणि ते मूळ लेखाला जोडावे. वाङ्मयचौर्य, बनावट संदर्भ किंवा निष्कर्षच कोलमडेल अशी चूक सिद्ध झाली तर लेख मागे घ्यावा. मागे घेतलेला लेख संकेतस्थळावरून नाहीसा करायचा नसतो. तो ‘मागे घेतला’ असा ठळक शेरा मारून ठेवायचा असतो आणि निर्णय कोणी घेतला व का घेतला, हे सोबतच्या निवेदनात सांगायचे असते, कारण ज्यांनी तो आधीच उद्धृत केला आहे त्यांना हे कळले पाहिजे. पीडितेची ओळख उघड झाली असेल तर मात्र तेवढा मजकूर तत्काळ काढावा आणि तसे केल्याची नोंद ओळख पुन्हा उघड होणार नाही अशा शब्दांत करावी. तक्रार आल्यावर लेखकाला नोटीस, उत्तरासाठी वाजवी मुदत आणि कारणांसह लेखी निर्णय, हा क्रम सोडू नये. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे वर्गात शिकवणाऱ्या संस्थेने ती आपल्या कार्यालयातही पाळली पाहिजेत. ज्या संपादकाने लेख स्वीकारला, त्याच्याकडेच त्या लेखाविरुद्धची तक्रार देऊ नये.

विद्यार्थी-संपादक दरवर्षी बदलतात, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक पत्रिकांची स्मृतीही जाते. म्हणून लेखकांशी झालेला पत्रव्यवहार, परीक्षकांचे अभिप्राय, घोषणापत्रे आणि तळटीप तपासणीचे तक्ते कोणाच्या वैयक्तिक ईमेलवर न ठेवता पत्रिकेच्या खात्यात अंकवार ठेवावेत, आणि नव्या संपादकांकडे कार्यभार सोपवताना त्यांची यादी दोघांच्या स्वाक्षरीने करावी.